मुलूख बदलला की मास्तरांचा पगार का बदलतो?

शिक्षकाचा पगार हा आपल्याकडे चावडीवरचा विषय आहे. पाऊस पडो की न पडो, ऊस कारखान्याला जावो की शेतात वाळो, मास्तरांच्या पगाराची चर्चा काही थांबत नाही. "मास्तरांना काय कमी आहे?" असे गावकरी म्हणतात. "शहरातल्या मास्तरांना बघा, आमच्यापेक्षा किती जास्त!" असे मास्तर म्हणतात. अलीकडे या चर्चेत तिसरा आवाज मिसळला आहे. राहात्याची, लोणीची, कोपरगावची बी.एड. झालेली मुले-मुली विचारू लागली आहेत, "सर, इंग्लंडात शिक्षक पाहिजेत म्हणे. दुबईला किती मिळतात? आणि चार वर्षांनी परत आलो, तर इथं काय हाती पडेल?"

या तिन्ही बोलण्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. फळा तोच, खडू तोच, त्रैराशिकाची रीतही तीच. मग मुलूख बदलला की पगार का बदलावा? आणि आकडा वाढला म्हणजे पगार खरोखर वाढला, असे म्हणता येते का? आज या प्रश्नाची जरा शांतपणे उकल करू या. थोडे आकडे येतील. पण ते पाचवीच्या गणितापलीकडचे नाहीत.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की हा प्रश्न आजचा नव्हे. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर आयोग नेमला गेला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे एक निवेदन ठेवले. प्राथमिक शिक्षण हे त्या निवेदनाचे मर्म. त्यात शिक्षकाच्या पगाराचाही विचार आहे. शिकून तयार झालेल्या शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार असू नये, आणि मोठ्या गावी तो पंधरा किंवा वीस रुपये असावा, असे जोतीरावांनी सुचविले होते. शिवाय गावचे हिशेब तपासणे, दस्तांची नोंद करणे, टपालाचे काम पाहणे अशी कामे शिक्षकाकडे सोपवली, तर गावात त्याचा मान वाढेल, असेही त्यांनी म्हटले होते.

या छोट्या सूचनेत दोन तत्त्वे आहेत, ती आजही जशीच्या तशी लागू पडतात. पहिले असे, की पगाराला एक तळ असावा; कोणत्याही गावी त्याखाली जाऊ नये. दुसरे असे, की गाव पाहून त्या तळावर काही भर पडावी. जगातल्या बहुतेक देशांनी शिक्षकांच्या पगाराची जी व्यवस्था लावली आहे, ती या दोन तत्त्वांची कमीअधिक मोडतोड करूनच. तळ कोणी ठरवायचा आणि भर कशासाठी घालायची, एवढाच काय तो फरक.

आता आपल्या महाराष्ट्राची रीत पाहू. अनुदानित शाळेतल्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या पगाराचे दोन भाग करता येतात. एक मूळ वेतन, दुसरा भत्ते. मूळ वेतन सगळ्या राज्यात एक. सातव्या वेतन आयोगाची श्रेणी आपल्याकडे १ जानेवारी २०१६ पासून धरली गेली. तिच्याप्रमाणे पदविका झालेल्या प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते, बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाचे ३८,६०० पासून. आणि कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या पदव्युत्तर शिक्षकाचे ४४,९०० पासून. शाळा मुंबईला गिरगावात असो, नाहीतर आपल्या पुणतांब्यात. हा आकडा तोच. महागाई भत्ताही मूळ वेतनाच्या टक्केवारीने मिळतो, आणि तो टक्काही राज्यभर एकच. म्हणजे तळाची बाब आपल्याकडे बरीच नीट बसलेली आहे.

मग फरक पडतो कुठे? तो पडतो मुख्यत्वे घरभाडे भत्त्यात. त्यासाठी गावांच्या तीन श्रेणी केल्या आहेत: एक्स, वाय आणि झेड. पन्नास लाखांवर लोकवस्ती असेल तर एक्स; पाच लाखांपासून पन्नास लाखांपर्यंत वाय; आणि पाच लाखांच्या आत सगळी गावे झेड. मुंबई आणि पुणे एक्समध्ये येतात. नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर अशी शहरे वायमध्ये. आणि आपले राहाता, शिर्डी, लोणी, संगमनेर, इतकेच काय, जिल्ह्याचे ठाणे अहिल्यानगर, हे सगळे झेडमध्ये.

घरभाड्याचा दर आरंभी मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के असा ठेवला होता. महागाई भत्ता २५ टक्क्यांपुढे गेला की तो २७, १८ आणि ९ व्हावा, आणि ५० टक्क्यांपुढे गेला की ३०, २० आणि १० व्हावा, अशी योजना आहे. या शेवटच्या दराने हिशेब करून पाहा. नव्याने श्रेणीत आलेल्या माध्यमिक शिक्षकाचे मूळ वेतन ३८,६००. त्याला मुंबईत घरभाडे मिळेल ११,५८० रुपये, नाशकात ७,७२०, आणि राहात्यात ३,८६०. म्हणजे मुंबई आणि राहाता यांच्यातला महिन्याचा फरक झाला ७,७२० रुपयांचा. वाहतूक भत्त्याचा थोडा फरक त्यात मिळवा. मुंबई, पुणे, नागपूर या महानगरांत तो इतर गावांपेक्षा अधिक आहे. बस्स, एवढाच काय तो 'शहरातल्या मास्तरांचा जास्त पगार'.

आता सांगा, मुंबईत ११,५८० रुपयांत शिक्षकाला कुटुंबासह राहण्याजोगी जागा मिळेल? ज्यांचे कोणी मुंबईला आहे त्यांना उत्तर ठाऊक आहे. मुंबईचा शिक्षक बदलापूर-विरारकडे राहतो आणि दिवसाचे तीन-चार तास आगगाडीत घालवतो. पावतीवर त्याचा आकडा मोठा दिसतो, पण महिनाअखेर शिल्लक किती उरते म्हणाल, तर आपल्या गावच्या स्वतःच्या घरात राहणारा शिक्षक त्याच्यापेक्षा सुखी निघण्याचा संभव अधिक. पगाराची तुलना करताना हातात काय येते, त्यापेक्षा हातात काय उरते ते पाहावे. हे सूत्र पुढे परदेशाच्या हिशेबातही आपल्याला लागणार आहे.

या व्यवस्थेतली एक उणीवही सांगितली पाहिजे. श्रेणी ठरते ती लोकसंख्येवरून, प्रत्यक्ष भाड्यावरून नव्हे. आपल्या तालुक्यातलीच गोष्ट घ्या. शिर्डीची लोकवस्ती पाच लाखांच्या जवळपासही नाही. म्हणून ती झेडमध्ये. पण शिर्डीला वर्षभर यात्रेकरूंची रीघ. जिथे एक खोली रात्रीच्या भाड्याने देता येते, तिथे ती शिक्षकाला महिन्याच्या भाड्याने कोण स्वस्तात देईल? कागदावर शिर्डी आणि एखादी आडवळणाची वाडी सारखीच. व्यवहारात तसे नाही. आणखी एक: भत्ता शाळा जिथे आहे त्या गावच्या दराने मिळतो, शिक्षक राहतो त्या गावच्या नव्हे. मुलांच्या शिक्षणासाठी नाशकात बिऱ्हाड केले आणि नोकरी राहाता तालुक्यात असली, तर भाडे नाशिकचे आणि भत्ता झेड श्रेणीचा. त्यातून शिक्षकाने शाळेच्या गावी राहावे की नाही, हा वाद उभा राहतो. घरभाडे घेता तर गावात राहा, हे गावकऱ्यांचे म्हणणे वाजवी आहे. गावात राहण्याजोगे घर तरी दाखवा, हे शिक्षकाचे म्हणणेही तितकेच वाजवी आहे.

मुलूख पाहून भर घालण्याचा दुसरा प्रकार याच्या अगदी उलट्या दिशेचा आहे. शहर महाग म्हणून शहराला अधिक, हा एक विचार. पण दुर्गम भागात जायला कोणी तयार होत नाही, म्हणून तिथे जाणाऱ्याला अधिक, हा दुसरा विचार. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातला डोंगराळ मुलूख आदिवासी क्षेत्रात मोडतो. अशा क्षेत्रात आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी राज्य शासनाने ६ ऑगस्ट २००२ रोजी एक निर्णय काढला. तिथे काम करीत असेतोवर एक पायरी वरची वेतनश्रेणी, ज्याला शिक्षक मंडळी 'एकस्तर' म्हणतात, आणि शिवाय मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता, असे त्याचे स्वरूप. पण या १५ टक्क्यांना त्या निर्णयात १,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली होती. २००२ सालच्या पगाराला ती मर्यादा शोभणारी होती. आजच्या २९,२०० मूळ वेतनाचे १५ टक्के होतात ४,३८०. तेव्हा १,५०० रुपयांच्या झाकणाखाली हा टक्का कोंडला गेला, तर त्यात प्रोत्साहन कितीसे उरते, हे आपणच ठरवा. टक्केवारी वाचून हुरळून जाऊ नये. खालची बारीक अक्षरातली मर्यादा आधी वाचावी.

इथवर आपण मुलखाची रेघ पाहिली. पण श्रोतेहो, आपल्याकडे पगाराला आणखी एक रेघ आहे, आणि ती मुलखाच्या रेघेहून फार ठळक आहे. ती म्हणजे दर्जाची रेघ.

२००० सालापासून आपल्या राज्यात शिक्षण सेवक योजना आहे. नवीन नेमलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठराविक मानधनावर काम करायचे, मग त्याला वेतनश्रेणी मिळायची. हे मानधन वर्षानुवर्षे फार तुटपुंजे होते. १ जानेवारी २०२३ पासून ते वाढवून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये करण्यात आले. आता पाहा: एकाच शाळेत, एकाच मजल्यावर, शेजारशेजारच्या वर्गांत दोन शिक्षक गणित शिकवताहेत. एक श्रेणीतला, दुसरा सेवक. एकाचे नुसते मूळ वेतन ३८,६००, आणि त्यावर भत्ते. दुसऱ्याचे सगळे मिळून १८,०००. भत्ते सोडले तरी फरक २०,६०० रुपयांचा! मुंबई आणि राहाता यांच्या घरभाड्यातला फरक होता ७,७२०. म्हणजे राहात्याच्या राहात्यातच, एका भिंतीच्या अल्याड-पल्याड, मुंबई-राहात्याच्या अडीचपटीहून मोठी दरी आहे.

आणि अनुदानाची पायरी तर विचारूच नका. पूर्ण अनुदानित शाळा, अंशतः अनुदानित शाळा, विनाअनुदानित शाळा, आणि स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी माध्यमाच्या शाळा, अशा चार तऱ्हा एकाच तालुक्यात नांदतात. अंशतः अनुदानित शाळेत शासन पगाराचा टप्प्याटप्प्याने ठरलेला भाग देते. उरलेला भाग संस्थेने द्यायचा. तो प्रत्येक ठिकाणी मिळतोच असे नाही. खाजगी शाळांतल्या सेवकांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे, वेतनश्रेणींची अनुसूची आहे. पण अनुसूची कपाटात आणि पगार पाकिटात, अशी स्थिती किती ठिकाणी आहे, हे शिक्षक श्रोत्यांना मी नव्याने सांगायला नको. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि खाजगी अशा सर्व शाळांतल्या शिक्षकांना सारखे वेतन असावे, ही शिफारस कोठारी आयोगाने १९६६ सालच्या आपल्या अहवालात केली होती. तिला साठ वर्षे होत आली.

आता समुद्र ओलांडू या.

भारतातले शिक्षक परदेशी जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. गेल्या शतकाच्या मध्यास इथिओपियाच्या शाळांत भारतीय शिक्षक, विशेषतः केरळचे, मोठ्या संख्येने शिकवीत होते. पुढे आखाती देशांची वाट रुळली. आणि फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने भारतासह आणखी काही देशांतल्या शिक्षकांना तिथला 'पात्र शिक्षक' हा दर्जा मिळवण्यासाठी अर्ज करण्याची वाट मोकळी केली. तीही मुख्यतः गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्यांसाठी, कारण त्या विषयांची तिथे टंचाई आहे.

इंग्लंडची पगाराची रीत आपल्याला लगेच समजेल, कारण ती आपल्यासारखीच आहे. तिथेही मुलखाच्या श्रेणी आहेत. आपल्या तीन, त्यांच्या चार. लंडनचा आतला भाग, लंडनचा बाहेरचा भाग, लंडनच्या कडेचा पट्टा, आणि उरलेले इंग्लंड. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांत पात्र शिक्षकाचा आरंभीचा वार्षिक पगार उरलेल्या इंग्लंडात ३१,६५० पौंड, कडेच्या पट्ट्यात ३३,०७५, बाहेरच्या लंडनमध्ये ३६,४१३ आणि आतल्या लंडनमध्ये ३८,७६६ पौंड असा ठरला होता. दरवर्षी तो थोडा बदलतो; पण पायऱ्यांची ठेवण तीच राहते.

इथे आपली मंडळी पहिली चूक करतात. ती म्हणजे गुणाकार. पौंडाला एकशेदहा रुपये धरले तर ३१,६५० पौंडांचे होतात ३४ लाख ८१ हजार ५०० रुपये. हा आकडा ऐकला की घरात पेढे वाटायची तयारी सुरू होते. पण पगार पौंडांत मिळतो, तसा खर्चही पौंडांतच करावा लागतो. त्या ३१,६५० पौंडांतून २०२४-२५ च्या दराने, निवृत्तिवेतनाची वर्गणी हिशेबात न धरता, आयकर जातो सुमारे ३,८०० पौंड. राष्ट्रीय विम्याचा हप्ता सुमारे १,५०० पौंड. आणि शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीची वर्गणी या पगाराला ७.४ टक्के, म्हणजे सुमारे २,३०० पौंड. शिवाय व्हिसासाठी प्रौढ माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा, आणि तो एकदम. तिथे जाऊन पहिला पगार हातात पडण्याआधीच घरचे चार पैसे मोडतात, ते असे.

दुसरी चूक लंडनच्या आकड्याला भुलण्याची. आतल्या लंडनमध्ये ७,११६ पौंड अधिक मिळतात हे खरे. पण त्यातून कर आणि विमा मिळून २८ टक्के वजा करा. उरतात सुमारे ५,१०० पौंड, म्हणजे महिन्याला सव्वाचारशेच्या आसपास. लंडनच्या आणि एखाद्या उत्तरेकडच्या गावाच्या घरभाड्यात याहून अधिक फरक सहज पडतो. म्हणजे मुंबईच्या शिक्षकाची जी गत, तीच लंडनच्या शिक्षकाची. भर दिली जाते, पण ती भाड्याला पुरत नाही. साहेबाच्या देशातही घरभाड्याचे गणित सुटलेले नाही, हे ऐकून आपल्याला जरा बरे वाटायला हरकत नाही!

आणि तिसरी, सर्वांत महाग पडणारी चूक, दर्जाच्या रेघेची. पात्र शिक्षकाचा दर्जा हाती नसेल, तरी परदेशात शिकून आलेल्या शिक्षकाला इंग्लंडच्या सरकारी शाळांत चार वर्षांपर्यंत शिकवता येते. मात्र शाळा त्याला अपात्र शिक्षकाच्या श्रेणीत बसवू शकते. २०२४ साली उरलेल्या इंग्लंडात त्या श्रेणीचा तळ होता २१,७३१ पौंड. म्हणजे पात्र आणि अपात्र यांच्यात फरक ९,९१९ पौंडांचा. आणि लंडन व बाकीचे इंग्लंड यांच्यात फरक ७,११६ पौंडांचा. बघा, राहात्यातले तेच गणित इंग्लंडात पुन्हा आले की नाही? मुलखाच्या रेघेपेक्षा दर्जाची रेघ जाड. म्हणून तिकडे जाऊ इच्छिणाऱ्याने कोणत्या गावी जातो यापेक्षा कोणत्या दर्जाने जातो, हे आधी पाहावे.

अनुभवाचे काय? आपल्याकडे वर्षाला वेतनवाढ ठरलेली. दहा वर्षे झाली की दहा वाढी. तिकडे तसे गृहीत धरू नये. २०१३ पर्यंत इंग्लंडात शाळा बदलली तरी शिक्षकाची पायरी त्याच्याबरोबर जात असे. ते बंधन त्या वर्षी काढून टाकले. तेव्हापासून नव्या शिक्षकाला कोणत्या पायरीवर बसवायचे हे ती शाळा ठरवते. इथली बारा वर्षांची नोकरी तिथे बारा धरायची, चार धरायची की शून्य, हे बोलणीवर अवलंबून. एकदा खालच्या पायरीवर सही केली, की वर चढायला वर्षे जातात. तेव्हा अनुभव किती धरला, हे लेखी मागून घ्यावे.

स्कॉटलंडची रीत वेगळी आहे. तिथे स्वतंत्र वेतनश्रेणी, स्वतंत्र नोंदणी. आणि गंमत अशी की तिथे दूरच्या बेटांवर आणि दुर्गम शाळांत शिकवणाऱ्याला वेगळा भत्ता आहे. म्हणजे इंग्लंडची रीत आपल्या मुंबईसारखी, तर स्कॉटलंडची आपल्या अकोल्यासारखी! माणसांचे प्रश्न सगळीकडे सारखेच असतात; उत्तरेही फारशी निराळी नसतात.

अमेरिकेत मात्र पगाराला देशभर एक तळ नाही. तिथे शाळा चालवतात ती स्थानिक शाळा-मंडळे, आणि त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्या भागातल्या घरादारांवरच्या करातून येतो. श्रीमंत वस्ती असेल तर मंडळ श्रीमंत, आणि शिक्षकाचा पगारही चांगला; गरीब वस्ती असेल तर उलट. रस्त्याच्या या बाजूला एक पगार, त्या बाजूला दुसरा, असेही घडते. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतून मास्तरांचा पगार द्यायचा ठरला असता, तर काय झाले असते, याची कल्पना करा. बाहेरून येणाऱ्या शिक्षकाला तिथे शिक्षक-विनिमयाच्या व्हिसावर तीन वर्षे, आणि वाढवून घेतल्यास आणखी दोन वर्षे राहता येते. तेव्हा ती वाट कायमची नव्हे, हे धरून चालावे.

दुबई-अबुधाबीकडे पगारावर आयकर नाही, ही मोठी ओढ. पण तिथल्या खाजगी शाळांत सरकारी वेतनश्रेणी नाही. जो करार तोच पगार. ब्रिटिश अभ्यासक्रमाची शाळा आणि भारतीय अभ्यासक्रमाची शाळा यांच्या पगारांत मोठे अंतर असते. आपले बहुतेक शिक्षक दुसऱ्या प्रकारच्या शाळेत जातात. निवृत्तिवेतन नाही, नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर उपदान मिळते, पहिल्या पाच वर्षांना वर्षाकाठी एकवीस दिवसांच्या मूळ पगाराइतके. म्हणून तिथे 'एकूण पगार किती' एवढेच विचारून भागत नाही. 'त्यात मूळ पगार किती' हेही विचारावे लागते. घर शाळा देते का, मुलांची फी माफ आहे का, वर्षातून एकदा विमानाचे तिकीट आहे का, या गोष्टी पगाराइतक्याच मोलाच्या.

आता परतीच्या वाटेचे बोलू. याबद्दल जाताना कोणी विचार करीत नाही. परदेशात सहा वर्षे शिकवून कोणी गावी आला, तर त्याची ती सहा वर्षे आपल्या अनुदानित शाळेतल्या वेतनश्रेणीत त्याला उपयोगी पडतील, अशी आशा धरू नये. तो नव्या नेमणुकीने येणार. म्हणजे पात्रता परीक्षा, निवड-चाचणी, पवित्र प्रणालीवरची नोंद, आणि नंतर शिक्षण सेवकाची तीन वर्षे. परदेशी पदवी घेतली असेल तर तिच्या समकक्षतेचा दाखला वेगळा. लंडनमध्ये वर्ग गाजवून आलेला शिक्षक राहात्यात १८,००० रुपयांवर सेवक म्हणून रुजू होतो, असे हे चित्र. पुण्या-मुंबईच्या आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या शाळांत त्याच्या अनुभवाला किंमत मिळते, पण ती कराराने. परिणाम काय होतो? परदेशाहून आलेला अनुभवी शिक्षक पुण्या-मुंबईला थांबतो. तालुक्याच्या शाळेपर्यंत पोचत नाही. जिल्ह्याबाहेर बदली मागून घेणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकालाही पगार टिकला तरी सेवाज्येष्ठता गमवावी लागते. आपल्या व्यवस्थेत हललेल्या माणसाला दंड आहे, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा ज्यांच्या घरात कोणी शिक्षक होऊ पाहत आहे, मग तो मुंबईला जावो, अकोल्याला जावो की इंग्लंडला, त्यांनी पाच प्रश्न वहीत लिहून ठेवावेत. पहिला, नेमणूक कोणत्या दर्जाने आहे: श्रेणीत, मानधनावर, पात्र की अपात्र? दुसरा, मागचा अनुभव किती वर्षांचा धरला आहे, आणि ते कागदावर आहे का? तिसरा, कर, विमा आणि वर्गणी जाऊन हातात किती येणार, आणि त्या गावचे घरभाडे किती? चौथा, निवृत्तीनंतर काय? आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर लागलेल्यांना सर्वसाधारणपणे जुनी निवृत्तिवेतन योजना नाही, तेव्हा हा प्रश्न इथेही विचारायचाच आहे. आणि पाचवा, परत यायचे झाले तर कोणत्या पायरीवर येणार? या पाचांची उत्तरे मिळेपर्यंत जमीन विकू नये, कर्ज काढू नये, आणि दलालाच्या हाती पैसे देऊ नयेत. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याची सरकारदरबारी नोंदणी असावी लागते. ती आहे की नाही, हे पाहायला पैसे पडत नाहीत.

शेवटी एक गोष्ट गावकरी श्रोत्यांसाठी. पगाराच्या या रेघा मास्तरांच्या खिशापुरत्या नाहीत. त्या आपल्या मुलांच्या वर्गापर्यंत येऊन पोचतात. गणिताचा चांगला शिक्षक मानधनाची तीन वर्षे काढू शकला नाही, तर तो खाजगी शिकवणीत जातो, शहरात जातो, किंवा विमानात बसतो. इंग्लंडला गणित-विज्ञानाचा शिक्षक हवा, कारण तो त्यांना मिळेनासा झाला आहे. तोच आपल्यालाही हवा आहे. फरक एवढाच, की त्यांनी दार उघडले आणि आपण तीन वर्षांचा उंबरठा घातला. जाणाऱ्याला नावे ठेवून हा प्रश्न सुटणार नाही. पण गावाला काही करता येते. शाळेजवळ राहण्याजोगी दोन खोल्यांची जागा वाजवी भाड्याने शिक्षकाला मिळवून देणे, ही गोष्ट ग्रामसभेच्या हातातली आहे. झेड श्रेणीचा भत्ता गावाला वाढवता येत नाही. त्या भत्त्यात बसणारे घर मात्र देता येते. आणि शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्यांनी, संस्थेच्या सभेला जाणाऱ्यांनी, शाळेची इमारत किती मजल्यांची झाली हे विचारण्याबरोबर, आतल्या शिक्षकांना पगार नियमाप्रमाणे मिळतो का, हेही एकदा विचारावे.

जोतीरावांनी १८८२ साली सांगितलेली दोन तत्त्वे आपण सुरुवातीला पाहिली: पगाराला तळ हवा आणि गाव पाहून भर हवी. भरीबद्दल आपण पुष्कळ वाद घालतो. पण खरी पडझड तळाशी आहे. तो तळ नीट बसला, सेवक आणि शिक्षक, अनुदानित आणि विनाअनुदानित यांच्यातली दरी कमी झाली, तर राहात्याच्या मास्तरांना मुंबईच्या ७,७२० रुपयांचा हेवा वाटणार नाही. आणि कोणी परदेशी गेलाच, तर तो इथे पोट भरेना म्हणून गेला असे न होता, जग पाहायला गेला असे होईल. आणि परत येताना त्याची पावले आपल्या तालुक्याकडे वळतील.